आधी स्वतःचा मास्क

विमान सुटण्याआधी प्रवाशांना एक सूचना देतात. केबिनमधला हवेचा दाब कमी झाला तर डोक्यावरून मास्क खाली येतील. आधी स्वतःचा लावा, मग शेजारच्या मुलाचा. नोकरी लागल्यावर पहिल्याच सुट्टीत मी ही सूचना घरी ओटीवर बसून हौसेने म्हणून दाखवली, तर आई भाजी निवडता निवडता थांबली. असं सांगणाऱ्या बाईला पोरंबाळं नसणार, असं तिचं मत पडलं. मी कारण समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुढे घरी कोणी आलं की आमच्या धाकट्याच्या विमानात आयांनी पोरांना मागे टाकायचं असतं, असं सांगत राहिली. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

आमचं गाव पेणच्या खाली, खाडीच्या अंगाला. बांधाच्या एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. मधला मातीचा बांध आहे म्हणून गाव आहे. भरतीच्या जोराने बांधाला भगदाड पडलं की आमच्याकडे खांड गेली म्हणतात. खांड गेल्याची हाक आली की हातातलं टाकून धावायचं, बांधावर चपला काढायच्या आणि उतरायचं. पाणी किती आहे, पाय कुठे पडेल, हे विचारायचं नाही. जो विचारत उभा राहतो त्याच्याकडे लोक पुढे वर्षभर वेगळ्या नजरेने बघतात, आणि ते त्याला तोंडावर कोणी बोलून दाखवत नाही, हे आणखी वाईट.

मी असा एकदा उभा राहिलो आहे. वैमानिकाच्या परीक्षेची वैद्यकीय तपासणी चार दिवसांवर आली होती आणि कानात पाणी गेलं तर तपासणीत नापास होईन म्हणून आईने माझा दंड धरून ठेवला. माझ्यासमोर सगळा गाव कमरेएवढ्या चिखलात होता आणि मी कोरड्या कपड्यांत बांधावर. त्या दिवशी दादा वर आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. नंतर त्यानेच मला सांगितलं की मला लाज वाटू नये म्हणून त्याने पाहिलं नव्हतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तो शाळा सोडून मिठागरावर लागला. बांधातून पावसाचं पाणी खाडीत सोडायला लाकडी झडपेची मोरी असते, तिला उघाडी म्हणतात. कधी त्या झडपेत ओंडका अडकतो, झडप मिटत नाही आणि खारं पाणी उलटं शेतात शिरतं. अशा वेळी छातीत हवा भरून खाली जाणारा आणि ओंडका मोकळा करून येणारा गावात एकच माणूस होता, तो दादा. तो पाण्याखाली गेला की मी आकडे मोजायचो. ही सवय मला तेव्हापासूनची आहे, विमानाने लावलेली नाही.

नव्वदीची सुरुवात होती. खासगी विमान कंपन्या नुकत्याच निघाल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत मी को-पायलट झालो. एकदा आमच्या तुकडीला बंगळूरला नेऊन एका लोखंडी खोलीत बसवलं. खोलीतली हवा पंपाने कमी करत करत पंचवीस हजार फुटांवर असते तितकी विरळ केली. मग एकेकाचा मास्क काढून हातात कागद दिला. हजारातून सात वजा करत जायचं आणि उत्तरं एकाखाली एक लिहायची. मी झरझर लिहीत होतो. जीव गुदमरेल, छाती फुटेल, असं काहीतरी होईल म्हणून मी तयार होतो, पण तसलं काही नव्हतं. उलट फार बरं वाटत होतं. काचेच्या पलीकडून डॉक्टर म्हणाले, मास्क लावा. मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी हसून मान डोलवली आणि लिहीत राहिलो. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा मान डोलवली. शेवटी शेजारच्या माणसाने माझा मास्क माझ्या तोंडावर बसवला, तेव्हा चारच श्वासांत खोलीतला दिवा कोणीतरी मोठा केल्यासारखा झाला. मग मी कागद बघितला. नऊशे अठ्ठावन्नपर्यंत उत्तरं बरोबर होती. पुढे नऊशे अठ्ठावन्न, नऊशे अठ्ठावन्न, नऊशे अठ्ठावन्न असं अकरा वेळा लिहिलं होतं, आणि शेवटची रेघ कागदावरून उतरून माझ्या मांडीवर गेली होती.

मी घाबरलो. मरणाला नव्हे, त्या बरं वाटण्याला. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पस्तीस हजार फुटांवर हवा गेली तर भान राहतं ते अर्धा-पाऊण मिनिट, आणि भान जातंय हे सांगायला जे भान लागतं तेच आधी जातं. म्हणून पहिली कृती विचार न करता करायची असते. आधी आपला मास्क. शेजारी कॅप्टन असो की मागे दीडशे माणसं असोत. विचार करत बसलात तर त्यांनाही वाचवायला कोणी उरत नाही.

तो कागद मी घरी आणला. तेव्हा दादाने मिठागर सोडलं होतं. सकाळच्या गाडीने तो रोह्याला जायचा, तिकडच्या एका रसायनांच्या कंपनीत टाक्या धुण्याच्या ठेक्यावर. तो मुकादम आणि हाताखाली पाच माणसं, सगळी आमच्या खाडीवरची. त्यात वहिनीचा भाऊ नवीन लागला होता. वहिनीचं माहेर कासूच्या बाजूला. तो तिथून गाडीत चढायचा आणि मधल्या निडीपर्यंत सगळ्या डब्याला हसवायचा. माझ्याच वयाचा होता. मी अजून को-पायलटच होतो, तरी तो मला मुद्दाम कॅप्टन म्हणायचा. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला होता. त्याने कागद हातात घेतला आणि ते अकरा आकडे कीर्तनकाराच्या थाटात खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत म्हणून दाखवले. वहिनीला हसून हसून ठसका लागला. तेव्हापासून तो मला भेटला की रामराम न घालता 'काय कॅप्टन, नऊशे अठ्ठावन्न?' असंच विचारायचा.

हसून झाल्यावर मी सहज विचारलं, टाकीत उतरण्याआधी आतली हवा कशी तपासता. दादा म्हणाला, तोंड उघडायचं, वाकून वास घ्यायचा. वास नसला की उतरायचं. मी हातातला घास खाली ठेवला. काही टाक्यांत आग लागू नये म्हणून नायट्रोजन भरून ठेवतात हे मला माहीत होतं. आपण घेतो त्या श्वासातही बराचसा नायट्रोजनच असतो. त्याला ना वास ना रंग, ना तो डोळ्यांना झोंबत. नुसताच तो असला की माणूस दोन-चार श्वासांत खाली बसतो. मी म्हटलं, वासावर जाऊ नका. कमरेला दोरी, वर एक माणूस, आत हवा मारायला पंखा. आणि आतला पडला तर पाठीवर हवेचं नळकांडं असल्याशिवाय दुसऱ्याने उतरायचं नाही, मग तो कोणीही असो.

दादाने एवढं ऐकून घेतलं. मग त्याने हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"मी आत पडलो तर तू वर उभा ऱ्हाशील?"

मी म्हटलं, हो. उभा राहीन आणि नळकांडं मागवीन.

"बांधावं उभा ऱ्हायला होतास तसा," तो म्हणाला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही हट्टाला पेटलो होतो. बरोबर असलेल्या माणसाला जो एक उर्मटपणा येतो तो मला आला होता, आणि तो मी लपवलाही नाही. तिसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा दादा पेणच्या एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडी लागल्यावर म्हणाला, तो कागद माझ्याकडं ठेव. मी दिला.

पुढे कळलं की त्याने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जेवणाच्या पिशवीत ठेवला होता आणि पाचही जणांना दाखवला होता. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरच्या मागे लागून त्याने नळकांडं आणि मास्क कसा लावायचा हे शिकून घेतलं. ते नळकांडं गेटजवळच्या ऑफिसात असायचं, टाक्यांपासून लांब. ते जवळ ठेवा म्हणून त्याने दोनदा सांगितलं. दोरी मात्र त्याने सक्तीची केली, आणि एक नियम केला: कोणी पडला तर मी सांगितल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. माणसांनी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

त्याच वर्षी एका दुपारी दिल्लीहून येताना आमच्या विमानाच्या केबिनमधला दाब सुटला. भोंगा वाजला, कानात कळ गेली, आणि माझा हात माझ्या आधी मास्कवर पोचला. कॅप्टन माझ्या वडिलांच्या वयाचे होते. मास्क लागेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग एकमेकांचा आवाज ऐकू येतो का ते बघितलं आणि विमान दहा हजार फुटांवर आणलं, जिथे मास्क काढता येतो. कोणाला काही झालं नाही. उतरल्यावर दारात मात्र एक म्हातारे गृहस्थ आमच्या हवाई सुंदरीला सगळ्यांसमोर बोलत होते. त्यांची नात समोर रडत असताना ही मुलगी रिकाम्या सीटवर बसून आधी स्वतः मास्क लावत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती मान खाली घालून ऐकत होती. तिनेच नंतर त्या नातीला मास्क लावला होता, पण ते ती बोलली नाही.

हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर केलंन तिनं." आणि मग, "पण घरी जाऊन जेवण गेलं नसंल तिला."

होळीच्या आधी मला मद्रासला निरोप मिळाला. दुसऱ्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. जे झालं ते मला तुकड्यातुकड्याने समजलं, थोडं टाकीवरच्या माणसांकडून, थोडं दादाकडून. दुपारचं जेवण झालं होतं. टाकी मोकळी करून हवा मारलेली आहे असं कागदावर कोणीतरी सही करून दिलं होतं, मारलेली नव्हती. टाकीच्या माथ्यावरचं झाकण उघडलं, वास नव्हता. दादा पंखा आणायला वळला. तेवढ्यात वहिनीच्या भावाच्या हातातलं खरवडायचं पातं निसटून आत शिडीच्या मधल्या पायरीत अडकलं. शिडी नऊ पायऱ्यांची. दोनच पायऱ्या उतरून हात घातला की मिळेल असं त्याला वाटलं असणार, दोरी कशाला बांधायची. चार पायऱ्या उतरला. मग थांबला, वर बघून हसला, आणि शिडी सोडली. तो गंमत करतोय असं वरच्यांना वाटलं.

दादा धावत आला तोवर दोघांनी चपला काढल्या होत्या. टाकीत उतरायला चपला कोणी काढत नाही, पण त्यांच्या अंगात जे होतं ते त्यांनी केलं. खांड गेली होती आणि आपला माणूस खाली होता. एकाचा पाय आत गेलेला. दादाने त्याला मागे ओढलं, सगळ्यात जोरात पळणाऱ्याला नळकांडं आणायला पिटाळलं, आणि स्वतः त्या तोंडावर आडवा बसला. बाकीच्यांनी त्याला आधी विनवलं, मग शिव्या घातल्या, मग मारलं. त्याचा पुढचा दात तिथे पडला. तो दोन्ही हातांनी कडा धरून बसून राहिला. नळकांडं यायला दहा-बारा मिनिटं लागली. ते पाठीवर बांधून दादाच आत गेला आणि त्यानेच मेव्हण्याला दोरीला बांधून वर पाठवलं. उपयोग नव्हता.

त्या दिवशी कोणाला रोखलं नसतं तर तिथून किमान तीन मढी निघाली असती, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण गावात ते सांगून कोणाला पटणार. न मेलेली माणसं दिसत नाहीत. ज्यांना त्याने वाचवलं तेच सांगत होते की हा भोकावर बसला आणि त्याची हवा कोंडली. मी दोघातिघांना आतलं शास्त्र समजावायला गेलो. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं. जो तिथे नव्हता त्याने बोलू नये, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं.

तेराव्याला कासूला सगळे जमले असताना वहिनीने दादाला एकच प्रश्न विचारला.

"तुमी उतरला नाय?"

"नाय," दादा म्हणाला.

त्याने कागद काढला नाही, नियम सांगितला नाही, दात दाखवला नाही. माणसं उठून पांगली. वहिनी आमच्याबरोबर परत आली नाही. ती माहेरीच राहिली, आणि दादा रोज सकाळी त्याच गाडीने कासू ओलांडून कामाला जात राहिला. त्याची माणसं दुसऱ्या डब्यात बसायला लागली होती.

पावसाळ्यातल्या एका अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी बांध फुटला. हे मला पुढच्या सुट्टीत आईने सांगितलं. दादा सगळ्यांबरोबर धावला, चपला काढून चिखलात उतरला, रांगेत उभा राहिला. चिखलाची घमेली हातोहात येत होती. त्याच्यापर्यंत आली की अलीकडचा माणूस त्याच्या डोक्यावरून पलीकडच्याच्या हातात द्यायचा. दहा-पंधरा घमेली अशी गेल्यावर दादा वर आला, चपला घातल्या आणि बांधावर उभा राहिला. आई सांगताना रडली नाही, पण मला म्हणाली, तुझी जागा घेतली त्याने. ती हे रागाने म्हणाली की नुसतंच, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मला फार अपराधी वाटलं. मी ओटीवर बसून जे शहाणपण सांगितलं ते माझ्याकडे नोकरी म्हणून होतं. आमच्या हवाई सुंदरीला एका म्हाताऱ्याने दहा मिनिटं बोलून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या कंपनीने तिची पाठ थोपटली. दादाच्या बाजूने असं कोणी नव्हतं. तो एकटाच ते शिकला आणि एकट्यानेच पाळलं.

त्या सुट्टीत दादा मला घेऊन बांधावर गेला. ओहोटी होती. उघाडीशी उभं राहून त्याने पाण्याकडे बघत विचारलं, "श्वास धरून गेलो असतो तर?"

मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. "नाही," मी म्हटलं. "तुम्ही दोघंही गेला असता."

विमानात बोलतो त्या आवाजात मी हे बोललो, झटकन आणि स्वच्छ. खरं म्हणजे मला इतकं स्वच्छ माहीत नव्हतं. पाण्याखाली निवांत थांबणं निराळं. आडदांड माणूस उचलून शिडी चढताना छाती आपोआप श्वास ओढते आणि तो एक श्वास पुरतो. शंभरातले नव्व्याण्णव गेले असते. पण दादा हा शंभरावा असण्याची शक्यता कोणाची असेल तर त्याचीच होती. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने मान हलवली आणि आम्ही घरी आलो.

गणपती झाल्यावर मी एकटाच कासूला गेलो. दादाच्या जेवणाच्या पिशवीतून तो कागद मी न विचारता घेतला होता. वहिनी अंगणात उडीद पाखडत होती. मला पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो ओळखला. बोट लावून त्या अकरा आकड्यांवरून खाली खाली गेली, रेघ जिथे संपते तिथपर्यंत.

"तो हसला म्हनतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, हसला असणार. मला जसं वाटलं होतं तसंच त्याला वाटलं असणार, सगळं बरं आहे, काही घाई नाही. मला तर डॉक्टर सांगत होते तरी मी हसत होतो.

"म्हंजे दुखलं नाय त्याला."

"नाही वहिनी. त्याला कळलंच नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग विचारलं, "ह्यांना हे ठाऊक होतं? उतरलो तर आपल्यालाबी काय कळायचं नाय, हे?"

"हो. हा कागद त्याच्याजवळच होता."

"मग उतरनं सोपं होतं, नाय भावोजी?"

त्या वेळपर्यंत मी दाब, हवा, सेकंद सगळ्याचा विचार केला होता. हा केला नव्हता.

ती माझ्याबरोबर आली नाही. आठ दिवसांनी एकटीच पिशवी घेऊन पेणला उतरली आणि घरी येऊन चुलीपुढे बसली. दादा संध्याकाळी आला, तिला बघितलं, पाय धुतले आणि जेवायला बसला. दोघं काय बोलली असतील ती माझ्या माघारी.

कोजागिरीच्या उधाणाला मी सुट्टीवर होतो. दुपारी बाराच्या सुमाराला उघाडीकडून हाक आली. झडपेत वाहून आलेला ओंडका अडकला होता आणि खारं पाणी खाचरांत शिरत होतं. भात कापणीला आलेलं. तासभर पाणी आत राहिलं तर पीक गेलं, आणि जमीन दोन-तीन वर्षं नासली. सगळा गाव बांधावर होता. पाण्यात एकाने दोनदा डोकं घालून बघितलं आणि वर आला. कोण जाऊ शकतो हे प्रत्येकाला माहीत होतं आणि त्याला हाक मारायचं तोंड कोणाला नव्हतं.

दादा ओटीवर बसलेला होता. हाक त्यानेही ऐकली होती. वहिनी आतून आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चला." तो उठला. ती पुढे, तो मागे, त्यांच्यामागे मी. बांधावर माणसं बाजूला झाली. दादाने चपला काढल्या. वहिनीने त्या वाकून उचलल्या आणि हातात धरल्या. तो पाण्यात गेला.

मी मोजायला लागलो. तीसला पाणी तसंच घुसळत होतं. चाळीस, पन्नास. साठला बांधावरचा एक जण पुढे सरकला. हा तोच होता ज्याचा पाय टाकीत गेला होता. त्याने चपला काढल्या. दादाने त्या दिवशी त्याला ओढलं तसं मी त्याचा दंड धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो थांबला. सत्तर. मग खालून ठप् असा आवाज आला, पाण्याचा ओघ तुटला, आणि ओंडक्याच्या पलीकडे दादाचं डोकं वर आलं. दोघातिघांनी एकदम हात दिले. त्याने पहिला मिळाला तो धरला.

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. "किती झाले?" तिने हळूच विचारलं. तिचेही ओठ हलत होते, म्हणजे तिला उत्तर माहीत होतं.

"पंच्याहत्तर."

"आन शिडी नऊ पायऱ्यांची."

मला सगळं सांगायचं होतं, पाण्याखालचं निराळं, टाकीतलं निराळं, शंभरातले नव्व्याण्णव. तिने मान हलवून मला थांबवलं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "पन ह्यांना आकडा सांगू नका. कधीच."

दादा निथळत बांधावर आला आणि आमच्याकडे बघून विचारलं, काय बोलत होतात. काय नाय, वहिनी म्हणाली, आणि हातातल्या चपला तिने त्याच्या पायांपुढे ठेवल्या.